घरातला कॉम्प्युटर कोणी राखायचा?

घरोघरचे कॉम्प्युटर आणि लॅपटॉप दुरुस्त करणे हा माझा व्यवसाय आहे. मशीन स्लो झाले, फोटो उघडत नाहीत, ब्राउझर भलत्याच पानावर जातो, अशा तक्रारी घेऊन लोक येतात आणि त्यांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास असते : ‘दादा, अँटिव्हायरस तर टाकलाय, मग असं कसं झालं?’ या प्रश्नामागची नाराजी खरी असते. माणसाने पैसे मोजलेले असतात, वर्षाची ‘की’ घेतलेली असते. त्याच्या हिशेबाने आपल्या वाटणीचे काम त्याने केलेले असते. हा प्रश्न वर्षानुवर्षे ऐकल्यावर माझे असे मत झाले आहे की लोकांना आपल्या कॉम्प्युटरची काळजी नसते हे खरे नव्हे. आपण सुरक्षेला एकदा विकत घेऊन बसवायची वस्तू मानत आलो, घोटाळा तिथे आहे. सुरक्षा ही देखभाल आहे. ती ठरावीक वेळाने, न कंटाळता, कोणीतरी करायची असते, आणि हे ‘कोणीतरी’ आपल्या घरांत ठरलेलेच नसते. टीव्ही, फ्रिज बिघडेपर्यंत तसेच चालवता येतात. नेटला जोडलेल्या कॉम्प्युटरचे तसे नाही. त्यात आपण काहीही बदल केला नाही, तरी तो दर महिन्याला थोडा अधिक असुरक्षित होत जातो.

हा समज रूढ झाला तेव्हा तो चुकीचा नव्हता. नव्वदच्या दशकात व्हायरस फ्लॉपीवरून येत. पुण्यात कैलास काटकर यांच्या दुरुस्तीच्या दुकानातून, त्यांचे बंधू संजय यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधून क्विक हील उभे राहिले, ते याच गरजेपोटी. मशीन जगाशी जोडलेले नव्हते, बाहेरून आत यायची वाट मुख्यतः फ्लॉपीची, आणि त्या वाटेवर पहारा बसवला की भागत असे. इंटरनेट घरात आले आणि हे चित्र पालटले. ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ पसरला, तेव्हा कोणालाही कसली फाइल उघडावी लागली नाही. नेट जोडले की काही वेळात पडद्यावर मिनिटभराची उलटी मोजणी सुरू व्हायची आणि मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा चालू व्हायचे. ज्या फटीतून तो शिरत होता ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १६ जुलैला दिले होते. ब्लास्टर आला ११ ऑगस्टला. मधल्या २६ दिवसांत ज्यांनी अपडेट केले त्यांना त्याचा त्रास झाला नाही. पहारेकरी चांगला की वाईट हा प्रश्नच तिथे उरला नव्हता. भिंतीला भोक होते आणि ते वेळेत बुजवले की नाही, एवढेच महत्त्वाचे होते.

तरीही आपल्या मनात पहारेकरीच ठाण मांडून बसला आहे, आणि हे आपल्याकडेच आहे असे नाही. २०१५ मध्ये गूगलच्या संशोधकांनी सुरक्षातज्ज्ञांना आणि सामान्य वापरकर्त्यांना एकच प्रश्न विचारला : ऑनलाइन सुरक्षित राहण्यासाठी तुम्ही मुख्यतः काय करता? तज्ज्ञांपैकी ३५ टक्क्यांनी सॉफ्टवेअर अपडेट करण्याचे नाव घेतले, सामान्य लोकांपैकी फक्त २ टक्क्यांनी. अँटिव्हायरसचे नाव मात्र सामान्यांपैकी ४२ टक्क्यांनी आणि तज्ज्ञांपैकी ७ टक्क्यांनी घेतले. अँटिव्हायरस निरुपयोगी आहे असा याचा अर्थ मी घेत नाही. विंडोजसोबत मोफत येणारा डिफेंडर असो की पैसे देऊन घेतलेला दुसरा कोणताही, तो असावाच. पण ज्यांना आतली रचना माहीत आहे ते आपला भार देखभालीवर टाकतात आणि ज्यांना ती माहीत नाही ते वस्तूवर टाकतात, एवढे या आकड्यांतून स्वच्छ दिसते.

देखभालीत उशीर का परवडत नाही, हे कळायला अपडेट कसे येते ते पाहावे लागते. मायक्रोसॉफ्ट २००३ च्या ऑक्टोबरपासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेची अपडेट एकत्र प्रसिद्ध करते. आपल्याकडे ती मंगळवारी रात्री किंवा बुधवारी पोहोचतात. अपडेट प्रसिद्ध होणे म्हणजे अमुक भागात फट होती हे जगजाहीर होणे. चांगले संशोधक आणि वाईट हल्लेखोर दोघेही जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी-शेजारी ठेवून नेमके काय बदलले ते शोधतात, आणि त्या बदलावरून फटीचा ठावठिकाणा लागतो. म्हणजे अपडेट यायच्या आदल्या दिवशी ती फट मोजक्या लोकांना माहीत असते. आल्यानंतर ती कोणालाही शोधता येते. ज्याने अपडेट केले तो सुटला, ज्याने केले नाही तो आदल्या दिवसापेक्षा जास्त धोक्यात आला. ‘चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?’ हा आपला जुना नियम शिलाई मशीनला लागू पडतो, कॉम्प्युटरला नाही, ते या कारणाने.

याचा सर्वांत मोठा दाखला २०१७ चा. विंडोजमधली एक फट बुजवणारे अपडेट १४ मार्चला आले. १४ एप्रिलला त्या फटीतून शिरायचे तयार हत्यार इंटरनेटवर उघड झाले. १२ मे रोजी त्याच हत्याराच्या जोरावर ‘वॉनाक्राय’ सुटला आणि काही दिवसांत सुमारे १५० देशांतले दोन लाखांहून अधिक कॉम्प्युटर त्याने कुलूपबंद केले. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेच्या जवळजवळ एक तृतीयांश संस्थांना त्याची झळ बसली, हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्या. आणि तिथल्या लेखापरीक्षण कार्यालयाने पुढे निष्कर्ष काढला की सुरक्षेची साधी पथ्ये पाळली असती तर हे टळू शकले असते. त्या वेळी जुन्या विंडोज एक्सपीला बरीच दूषणे दिली गेली. पण बाधित मशीनपैकी बहुतेक विंडोज ७ वर चालत होती, आणि विंडोज ७ साठीचे अपडेट जवळजवळ दोन महिने सर्वांना फुकट उपलब्ध होते. औषध घरात होते. ते घ्यायचे काम कोणाकडे सोपवलेले नव्हते.

ते आपल्या घरांत का घेतले जात नाही, याची कारणे मला मशीनच्या आतच लिहिलेली सापडतात. सेटिंग्जमध्ये ‘अपडेट हिस्टरी’ नावाचे पान असते. ते उघडले की पुष्कळ लॅपटॉपवर एकाच अपडेटच्या केबी क्रमांकाची ओळ महिनोन् महिने खाली-खाली उतरत गेलेली दिसते आणि प्रत्येक ओळीपुढे ‘फेल्ड’. बिचारे मशीन प्रयत्न करत राहिलेले असते. मग सी ड्राइव्ह पाहावा, तर त्याची पट्टी लाल. कमी किमतीच्या लॅपटॉपमध्ये ३२ किंवा ६४ जीबीच जागा असते, त्यात व्हॉट्सॲपवरून उतरवलेले व्हिडिओ, आणि अपडेट उलगडायला जागाच नाही. दुसरे कारण मोबाइलचा हॉटस्पॉट. तो ‘मीटर्ड’ म्हणून नोंदवला की विंडोज बरेचसे अपडेट उतरवतच नाही, आणि रोजच्या दीड-दोन जीबीवर घर चालवणाऱ्याला ते सोयीचेच वाटते. तिसरे कारण आमच्या व्यवसायातले आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही : नवीन विंडोज टाकून देताना अपडेटची सर्व्हिसच बंद करून द्यायची पद्धत दुरुस्तीच्या धंद्यात सर्रास आहे. ग्राहकाचा फोन येऊ नये, प्रिंटर बंद पडू नये, एवढाच त्यामागचा विचार असतो. ग्राहकाला ते सांगितलेही जात नाही. आपले मशीन शांत आहे म्हणजे ठीक आहे, असे तो समजतो.

चौथे कारण क्रॅक. ओरिजिनल विंडोज आणि ऑफिस महाग वाटते, म्हणून ॲक्टिव्हेटर मागवला जातो. त्याच्यासोबत एक छोटी टेक्स्ट फाइल येते आणि तिच्यातली पहिली सूचना बहुधा हीच असते : आधी अँटिव्हायरस बंद करा. ज्याने ती पाळली त्याने अनोळखी माणसाच्या हाती घराची किल्ली दिली, आणि तीही प्रशासकाच्या अधिकारासह. अशा मशीनवर डिफेंडर उघडला तर हिरवी खूण दिसते, सगळे ठीक असल्याचे सांगणारी. पण आत ‘एक्सक्लूजन’ची यादी उघडून पाहिली की कधी कधी तिच्यात चक्क अख्खा सी ड्राइव्ह घातलेला असतो. म्हणजे डिफेंडर चालू आहे, मात्र त्या ड्राइव्हमधले काहीही त्याने तपासायचे नाही, असा हुकूम त्याला कोणीतरी देऊन गेले आहे. ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ नावाने ओळखले जाणारे रॅन्समवेअर घरगुती लोकांच्या फोटोंना आणि फायलींना कुलूप लावत आले ते मुख्यतः याच वाटेने. पैसे वाचवायला आणलेला क्रॅक मुलांचे लहानपणापासूनचे फोटो घेऊन जातो, तेव्हा वाचवलेल्या रकमेचा हिशेब कोणी काढायच्या मनःस्थितीत नसते.

विंडोजचे अपडेट चालू केले की सगळे झाले, असेही नाही. ब्राउझर बहुतेक स्वतःला अपडेट करतो, पण तो बंद करून पुन्हा उघडल्याशिवाय नवी आवृत्ती लागू होत नाही, आणि पन्नास टॅब उघडे ठेवून लॅपटॉप नुसता मिटून ठेवायची सवय घरोघर आहे. विनरार आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक मशीनवर असतो आणि तो स्वतःहून अपडेट होत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यातली एक फट उघड झाली. तिचे वय सुमारे १९ वर्षे होते. ‘एस’ नावाचा, आता कोणी फारसा न वापरणारा फाइलप्रकार उघडणारा एक जुना तुकडा आत पडून होता, आणि त्याच्यातून हल्लेखोराला विंडोजच्या स्टार्टअप फोल्डरमध्ये हवी ती फाइल टाकता येत होती. कंपनीने तो तुकडाच काढून टाकला. पण ज्यांच्याकडे जुना विनरार होता त्यांच्याकडे तो तसाच राहिला. राउटरची गोष्टही तीच. २०१६ मध्ये ‘मिराय’ने घरोघरचे राउटर आणि कॅमेरे ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेल्या साठेक ठरावीक युजरनेम-पासवर्डच्या जोड्या लावून पाहूनच. वाय-फायवाला येऊन जोडणी करून जातो, त्यानंतर त्या डब्याकडे कोणी पाहत नाही. त्याचा ॲडमिन पासवर्ड आणि त्याचे फर्मवेअर कोणाच्याच खात्यावर नसते.

यावर सर्वांत जोराचा आक्षेप असा, की अपडेटच मशीन बिघडवते. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही, कारण त्याला पुरावे आहेत. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चे मोठे अपडेट काही लोकांच्या डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्समधल्या फायली पुसून गेले आणि मायक्रोसॉफ्टला ते थांबवावे लागले. २०२१ मध्ये प्रिंटिंगमधली गंभीर फट बुजवताना शेअर केलेले प्रिंटर बंद पडले. ज्याचा क्रमांक ‘११बी’ने संपतो असा एक एरर तेव्हा इतका पसरला की अपडेट काढून टाकणे हाच त्यावरचा इलाज म्हणून लोक एकमेकांना सांगू लागले. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन आडवी केली आणि आपल्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहावे लागले. आणि जून २०१७ चा ‘नॉटपेट्या’ तर युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच सुटला. त्याच्या तडाख्यात मर्स्क ही जहाज कंपनी सापडली आणि न्हावाशेव्याचे तिच्या समूहाचे टर्मिनलही ठप्प झाले.

हे सगळे खरे धरूनही माझा निष्कर्ष बदलत नाही. क्राउडस्ट्राइक हे कंपन्यांचे सॉफ्टवेअर. घरच्या मशीनना त्याची झळ लागली नाही. नॉटपेट्या एकदा आत शिरल्यावर एका मशीनवरून दुसऱ्यावर गेला, तेव्हा त्याने इतर युक्त्यांबरोबर मार्चमध्येच बुजवलेली ती फटही वापरली. उरला प्रश्न विंडोजच्या चुकांचा. दर महिन्याचे सुरक्षेचे अपडेट आणि वर्षातून येणारे नवे रूप, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. नवे रूप महिनाभर उशिरा घेतले तर काही बिघडत नाही. सुरक्षेच्या अपडेटला फार तर काही दिवस थांबावे. विंडोजमध्ये पाच आठवड्यांपर्यंत ‘पॉज’ करायची सोय आहे, ती त्यासाठीच. कायमचे बंद करणे म्हणजे एकदा औषध बाधले म्हणून पुन्हा कधीच औषध न घेणे. शिवाय बिघडलेल्या अपडेटने होणारे नुकसान बॅकअप असेल तर एका संध्याकाळचे असते, आणि तोच बॅकअप रॅन्समवेअरपासूनही वाचवतो.

दुसरा आक्षेप नम्रपणाने येतो : ‘आमच्या कॉम्प्युटरमध्ये आहे काय चोरण्यासारखं?’ उत्तर द्यायला मला त्या कॉम्प्युटरचे डाउनलोड्स फोल्डर पुरते. आधार, पॅन, पासबुकाचे पहिले पान, सातबारा, मुलाची गुणपत्रिका, भाडेकरार, सगळ्यांचे स्कॅन एका ठिकाणी. ब्राउझरमध्ये जपून ठेवलेले पासवर्ड. घरातल्या सीएच्या किंवा ठेकेदाराच्या डिजिटल सहीचा डोंगल. आणि समजा खरेच काही नाही, तरी मिरायने कोणाचे घर श्रीमंत आहे हे पाहिले नव्हते. त्याला फक्त चालू यंत्रे हवी होती, दुसऱ्यांवर हल्ला करायला. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच सामान्य घरांतल्या उपकरणांच्या फौजेने अमेरिकेत ट्विटर आणि नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येक तास अडवून धरल्या. आपले राउटर उघडे असणे ही नुसती आपल्यापुरती बाब राहिलेली नाही.

तिसरा आक्षेप आजच्या काळाचा, आणि मला तो सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो. हल्ली लुबाडणूक होते ती फोनवरून : ‘डिजिटल अरेस्ट’, वीजबिलाचा मेसेज, ओटीपी, स्क्रीन शेअर. तिथे विंडोजचे अपडेट काय करणार? थेट काहीच नाही, हे मान्य. माणसाने स्वतःहून ओटीपी सांगितला तर कोणतेही अपडेट त्याला अडवत नाही. तिथे १९३० वर लगेच फोन करणे हेच खरे. पण दोन गोष्टी विसरून चालणार नाही. एक, ब्राउझरमधले लॉगिन केलेले सत्रच उचलून नेणारे प्रोग्रॅम आता क्रॅकसोबत येतात. ते नेले की ज्या खात्यात आपण आधीच लॉगिन आहोत तिथे ओटीपी विचारलाच जात नाही. दुसरे, फसवणारे लोक देखभालीचेच सोंग घेतात. ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा,’ असे बोंबलणारे पान, ‘ब्राउझर जुना झाला, इथे क्लिक करा,’ असा खोटा संदेश. खरे अपडेट कुठून येते, कसे दिसते, ते फोन नंबर कधीच देत नाही, हे ज्याला महिन्याच्या सवयीने माहीत आहे त्याला हे सोंग ओळखू येते. देखभाल करणारा माणूस नकळत शिकत असतो, आणि ते शिकणे कोणत्याही की-सोबत विकत मिळत नाही.

शेवटचा आक्षेप खिशाचा आहे, आणि त्यात कंपन्यांचा दोष आहे असे मी स्पष्ट म्हणेन. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे उत्तम चालणारी कितीतरी मशीन एका तारखेला जुनी ठरली. सातवी-आठवीतल्या मुलाच्या अभ्यासासाठी घेतलेला लॅपटॉप टाकून द्या, असे मी कोणाला सांगणार नाही. पण ‘चालतोय तोवर चालवू’ हाही मार्ग नाही. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा-अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ठेवली, ती घेण्याजोगी आहे. त्यापुढे लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली जुन्या मशीनवर छान चालते. ब्राउझर, बँक, आयकर, यूट्यूब आणि युनिकोडमधले मराठी टायपिंग, सगळे तिच्यात होते. अडते ते टॅली आणि श्रीलिपीसारख्या जुन्या डीटीपीच्या कामात. ते काम असेल तर ते मशीन नेटपासून तोडावे, फायली तपासलेल्या पेन ड्राइव्हने न्याव्या-आणाव्यात. जुने मशीन चालवणे गैर नाही. जुने मशीन नेटला जोडून त्यावर बँकेचे व्यवहार करणे गैर आहे.

म्हणून दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक मशीनसोबत मी घरच्यांना एकच गोष्ट ठरवायला सांगतो : हे काम कोणाचे? आजीचे असो की दहावीतल्या नातीचे, एका माणसाचे नाव ठरले पाहिजे. दुसऱ्या मंगळवारनंतरच्या रविवारी त्याने अर्धा तास द्यावा. अपडेट हिस्टरी पाहावी, मशीन पूर्ण बंद करून चालू करावे, सी ड्राइव्हवर जागा करावी, विनरार आणि पीडीएफ रीडरची आवृत्ती पाहावी, एक्सक्लूजनची यादी रिकामी असल्याची खात्री करावी, फोटो आणि कागदपत्रे बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. जोडून ठेवलेली डिस्क बॅकअपच्या कामाची नाही, कारण कुलूप घालणारे रॅन्समवेअर तिलाही कुलूप घालते. वर्षातून एकदा राउटरचा पासवर्ड आणि फर्मवेअर पाहावे. रोजच्या वापराचे खाते साधे ठेवावे, प्रशासकाचे वेगळे. आणि दुरुस्ती करून आणलेले मशीन ताब्यात घेताना माझ्यासारख्यालाही विचारावे : अपडेट चालू आहे ना, विंडोज ओरिजिनल आहे ना, अँटिव्हायरसमधून काही वगळले आहे का? या तीन प्रश्नांची सरळ उत्तरे न देणाऱ्या दुकानात पुन्हा जाऊ नये. हे प्रश्न ग्राहकांनी विचारायला सुरुवात केली की आमचा धंदाही सुधारेल, आणि तो सुधारला पाहिजे असे मला मनापासून वाटते.